सात-आठ शेळ्यांचा हलता गोठा: बांबू, ताडपत्री आणि सायकलच्या ट्यूबा

दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि भात काढलेल्या खाचरात वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून रात्री मेंढरं बसवतात. लेंडी-मूत जागेवरच पडतं, खत वाहायचा खर्च नाही, म्हणून शेतकरी त्यांना धान्य नाहीतर पैसे देतो. घरच्या शेळ्यांनाही हीच युक्ती चालते. फक्त शेळीला पावसाचं भारी वावडं, म्हणून कुंपणाच्या जोडीला छप्पर हवं.

मोठ्या शेळीला छपराखाली 10 चौरस फूट जागा लागते. 10 बाय 8 फुटांच्या गोठ्यात सात शेळ्या बऱ्यापैकी, आठवी दाटीवाटीनं. पैदाशीचा बोकड यात धरू नका, तो एकटाच दोघींची जागा खातो.

सामान: 20 फुटी बांबू अठरा-वीस, 12 बाय 15 फुटांची जाड ताडपत्री, सायकलच्या जुन्या ट्यूबा, दोर आणि लोखंडी मेखा. बांबू तीन वर्षांचा, पक्का घ्या. कोवळ्याला भुंगा लागतो आणि वर्षभरात पीठ पडायला लागतं. कोकणातला माणगा भरीव असतो, मिळाला तर तोच.

आधी चार ताट्या करा: दोन 10 फुटी, दोन 8 फुटी, उंची साडेचार फूट. प्रत्येकीत तीन आडवे बांबू, त्यांवर उभ्या कामट्या. दोन कामट्यांमध्ये चार बोटांहून जास्त फट नको, नाहीतर करडू निसटतं किंवा मुंडकं अडकवून घेतं.

आता सांधे, सगळा जीव यातच आहे. तारेनं बांधू नका, तार बांबूला कापते आणि हलवाहलवीत सैल पडते. ट्यूबच्या इंचभर रुंदीच्या पट्ट्या कापा, पट्टी दुप्पट होईल इतकी ताणत फुलीसारखे पाच-सहा वेढे घ्या आणि टोक शेवटच्या वेढ्याखाली सारा. पट्टी आवळलेली राहते, गाठ लागत नाही आणि सोडायला दोन मिनिटं पुरतात. उन्हानं रबर तडकलं की पट्टी बदलायची. ताट्या कोपऱ्यांवर अशाच जोडा. पाय जमिनीत पुरू नका, विटांवर टेकवा.

छप्पर दुपाखी. आढं 10 फुटी बाजूला समांतर, साडेसहा फूट उंचीवर, वाशांच्या पाच जोड्या, वर ताडपत्री. दोन्ही टोकांना फूटफूट बाहेर आणि उरलेला पदर पावसाच्या झडीच्या बाजूला लोंबता. उन्हाळ्यात आढं पूर्व-पश्चिम ठेवा आणि ताडपत्रीवर उसाचं पाचट पसरा, नुसती ताडपत्री दुपारी भट्टी होते.

माझं पहिलं छप्पर वैशाखातल्या वळवानं उचलून शेजारच्या बाभळीत नेऊन अडकवलं. मी दोर ताडपत्रीच्या कडेच्या रिंगांत ओवले होते, त्या फाटल्या. तेव्हापासून दोन दोर आढ्यावरून आडवे टाकतो आणि दोन-दोन फुटी मेखांना ताणून बांधतो. मेखेचं डोकं गोठ्यापासून बाहेर झुकलेलं हवं, सरळ ठोकलेली ओल्या मातीत सुटते. दोराची टोकं शेळीच्या तोंडाबाहेर ठेवा, ती चघळून तोडते.

कोरड्या दिवसांत तीन-चार दिवसांनी जागा बदला. लेंडीतल्या जंतांची पिल्लं गवतावर चढायला साधारण आठवडा लागतो, त्याआधीच पुढे सरकलेलं बरं. सोडलेल्या जागेवर लगेच कुळव फिरवा, उन्हात खताचा कस उडतो. कधी हलवायचं कळत नसेल तर गुडघ्यांवर बसून शेळीच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर उशीर झाला. पावसाळ्यात मात्र काळ्या रानात फिरवू नका, चिखलात खुरं कुजतात. एखाद्या मुरमाड उंचवट्यावर मुक्काम ठेवा.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात हा गोठा रात्रीसाठी नाही. बांबूची ताटी आणि ताडपत्री त्याला काहीच नाही. तिथे रात्री शेळ्या वरूनही बंद असलेल्या लोखंडी जाळीच्या पक्क्या गोठ्यात घ्या.

हलवताना छप्पर चौघांनी उचलायचं, ताट्या दोघांत एकेक. पहिल्या दोन-तीन वेळा शेळ्या जुन्याच जागी जाऊन उभ्या राहतात आणि रिकाम्या रानाकडे बघून ओरडतात. म्हणून आधी गव्हाण हलवा, छप्पर नंतर.