तिसरी घंटा चार गावांत

आमचं नाटक इंटरनेटवरून जोडलेल्या चार गावांतल्या हॉलमध्ये एकाच वेळी रंगायचं. त्याच्या पहिल्या प्रयोगाला मी कोल्हापूरच्या हॉलमध्ये होते. पडद्यावर पुण्यातली कलाकार जात्याशी बसून ओव्या म्हणत होती आणि आमच्या हॉलच्या मधोमध खरंखुरं जातं मांडलेलं होतं. तसंच एक पणजीत. लंडनजवळच्या मराठी मंडळाला जातं मिळालं नाही, म्हणून तिथल्या एका काकूंनी घरचा पाटा-वरवंटा आणला होता. ओवी संपली की पुण्यातली कलाकार म्हणायची, "या गं, हात लावा," आणि ज्या गावात कुणी उठेल तिकडे बघत पुढची ओवी धरायची.

कोल्हापुरात पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या. गुडघा सांभाळत जात्यापाशी गेल्या, खुंटा धरला आणि पडद्याकडे बघितलं. पुण्यातली बाई तोवर पुढच्या ओवीत शिरली होती. तिचं चित्र आमच्याकडे वीसेक सेकंद उशिरा येत होतं. तिने हाक मारली, वाट पाहिली, कुणी येत नाही असं समजून ती पुढे गेली होती. आजींनी दोन फेरे दिले आणि त्या मुकाट्याने जागेवर जाऊन बसल्या.

या कामात नव्याने येणारी मुलं मला आधी सॉफ्टवेअर कुठलं ते विचारतात. मी आधी त्या वीस सेकंदांबद्दल सांगते. इंटरनेटवरच्या नेहमीच्या प्रसारणात व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते सर्व्हरवर जातात, आणि बघणाऱ्याचं यंत्र दोन-तीन तुकडे हाताशी साठवून मगच दाखवायला लागतं. त्यामुळे हजारो लोकांना न अडखळता दिसतं. नुसतं बघायचं असेल तर ही उत्तम सोय आहे. साद-प्रतिसाद हवा असेल तर ती निरुपयोगी. व्हिडिओ कॉल ज्या पद्धतीने चालतो त्यात चित्र थेट जातं आणि उशीर बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत राहतो. आम्हाला चार हजार घरं नको होती, चार हॉल हवे होते. दुसऱ्या प्रयोगाला आम्ही ही पद्धत घेतली.

तरीही उशीर शून्य होत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते लंडन सरळ अंतरच ७ हजारांच्या वर, म्हणजे एका बाजूचे निदान ३५ मिलिसेकंद तारेतच गेले, आणि तार काही सरळ जात नाही. साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे दोन वादकांची लय एकमेकांची वाट बघत मंदावायला लागते. म्हणून पुण्यातला तबला आणि लंडनची पेटी एका ठेक्यात बसवायचा हट्ट धरू नका.

आमची सुटका ओवीनेच केली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या आहेत. त्यातली ध्वनिमुद्रणं आमची कलाकार रात्री ऐकत बसायची. एके दिवशी तालमीला येऊन म्हणाली, "जात्यावर दोघी असल्या की एक ओवी घेते आणि दुसरी तिच्या मागून म्हणते. एकदम कशाला गायचं?" मग पुण्याने पहिली ओळ घ्यायची, कोल्हापूरने मागून म्हणायची, पुढची पणजीने, असं बांधलं. हाक मारल्यावर तिने तीन फेरे गप्प दळायचं ठरलं. उशीर संहितेतच लिहून टाकला. हे काम तंत्रज्ञावर सोडू नका. तालमीच्या पहिल्या दिवशी कलाकाराबरोबर बसून करा.

या वाटेवर आधी कोण चाललंय तेही बघा. १९८०च्या नोव्हेंबरमध्ये किट गॅलोवे आणि शेरी राबिनोविट्झ या कलाकारांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना उपग्रहाद्वारे पूर्णाकृती, समोरासमोर उभं केलं. तीन संध्याकाळी. पहिल्या दिवशी पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. तिसऱ्या दिवशी दुरावलेले नातेवाईक ठरवून भेटायला आले. सरावासाठी २००४पासून चालत आलेलं 'अपस्टेज' हे मोफत व्यासपीठ आहे, ब्राउझरमध्येच प्रयोग करता येतो. लंडनच्या नॅशनल थिएटरची नाटकं २००९पासून चित्रपटगृहांत दाखवतात, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रातही दाखवतात, पण ते काम वेगळं: तिथे कॅमेऱ्याचं दिग्दर्शन शिकायला मिळतं, प्रेक्षकाचं उत्तर परत येत नाही.

आवाजाकडे चित्राच्या दुप्पट लक्ष द्या. चित्र अडखळलं तर लोक सांभाळून घेतात, आवाज फाटला की उठून जातात. प्रत्येक गावाला बाकीच्या सगळ्यांचा आवाज पाठवायचा, त्याचा स्वतःचा सोडून. नाहीतर स्वतःचंच बोलणं घुमून परत येतं. याला मिक्स-मायनस म्हणतात. वायफायवर विसंबू नका, केबल लावा. सेकंदाला ६ मेगाबिटचं (६ एमबीपीएस) चित्र पाठवायचं तर अपलोडचा वेग किमान दुप्पट हवा, आणि तो प्रयोगाच्याच वेळी, संध्याकाळी सातला मोजा. राउटरला इन्व्हर्टर हवाच. चारही ठिकाणच्या लोकांनी आपसात बोलायला साधा फोन ठेवा, त्याच इंटरनेटवरचा नको.

आणि प्रत्येक हॉलमध्ये एक माणूस असा हवा, ज्याला तो हॉल आपला वाटतो. लंडनमध्ये उन्हाळ्यात आपल्या सातला दुपारचे अडीच वाजलेले असतात. आमच्या मंडळाच्या हॉलला मोठ्या खिडक्या होत्या आणि पडद्यावर काही दिसेना. तिथल्या मुलाने घरोघर फिरून चादरी जमवल्या. तिसऱ्या घंटेवरूनही आमचे वाद झाले. शेवटी ठरलं, घड्याळ बघून घंटा द्यायची नाही. पुण्यातला दिवा पडद्यावर मावळताना दिसला की ज्याने त्याने आपल्या हॉलची घंटा द्यायची.

शिकायचं कुठे? पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग, इथे रंगभूमीचा पाया मिळेल. ओबीएस हे थेट प्रसारणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घरी शिका. पैसे सुरुवातीला फार नाहीत, दुसरं काही काम सोबत ठेवा. पण पहिल्या दोन-तीन प्रयोगांत मुख्य कंट्रोलवर बसायचा मोह टाळा आणि दूरच्या हॉलमध्ये जागा मागून घ्या. आजी परत फिरल्या ते पुण्याच्या कंट्रोलवर कुणालाच दिसलं नव्हतं.

दुसऱ्या प्रयोगाला त्या पुन्हा आल्या होत्या. या वेळी सुनेलाही घेऊन. जात्यावर दोघी बसल्या, पुण्याची ओळ आली, संपली, आणि एका श्वासानंतर त्यांनी ती मागून म्हटली. पडद्यावरच्या बाईने मान वर करून थेट त्यांच्याकडे बघितलं. प्रयोग संपल्यावर कोल्हापूरकरांनी आपल्या जात्यातलं पीठ वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून घरी नेलं.