चिरेखाणीचा खड्डा बुजवू नका

चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगडाचे ठोकळे, संपले, मशीन गेलं, आणि सातबारावर उरला सरळसोट भिंतींचा खड्डा. आमच्या राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, असे खड्डे जागोजागी आहेत. मालक पहिल्यांदा विचारतो, भरायला किती डंपर माती लागेल? भरू नका. ती माती कुणाच्या तरी दुसऱ्या जमिनीतूनच उपसून येणार. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मे महिन्यात वाडी टँकरची वाट बघते. आयती खोदलेली जागा पाण्याला द्या, उरलेल्या तळात बाग करा.

आधी गडगा, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत. फुटके चिरे तिथेच पडलेले असतात, ते रचून काठाभोवती छातीएवढा गडगा घाला, नाहीतर गुरं पडतात. भिंतीच्या वरच्या कडा सुटलेल्या असतील तर त्या पाडून पायऱ्या करा. एका बाजूने उतार ठेवाच. आत पडलेल्या माणसाला-जनावराला चढून यायला वाट हवी. मात्र माती-दगडासाठी काठावरचा सडा खरवडू नका. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं अशाच सड्यावर आहेत, आणि पातळ मातीत पावसाळ्यात फुलणारी रोपं एकदा गेली की गेलीच.

मग एक पावसाळा नुसतं बघा, पाणी कुठे साचतं आणि कुठे जिरतं. सखल कोपरा तळ्याचा. 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 3 मीटर खोल जागेत 6 लाख लिटर पाणी मावतं. जांभा सच्छिद्र, पाणी धरत नाही. खाणीच्या तळाला पांढरी चिकट माती लागली असेल तर तीच ओली करून तळावर आणि भिंतींच्या पायथ्याला चोपून बसवा. शेततळ्याचा प्लास्टिक कागद वापरणार असाल तर खाली मातीचा थर द्या, चिऱ्याच्या धारेवर कागद फाटतो. जादा पाण्याला सांडवा ठेवा, आणि तो बागेच्या बाजूला काढू नका.

झाडांत काजू आधी लावा: वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची कलमं, साधारण 7 मीटरवर. सगळं यश कलमाच्या खड्ड्यावर आहे. कातळात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा काढला की तो हौद होतो. पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. म्हणून लावण्याआधी खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर उताराच्या बाजूला ब्रेकरने चर फोडा आणि पुन्हा तपासा. तरीही पाणी हटलं नाही तर तिथे कलम लावू नका, जागा सोडून द्या.

भरताना चिरे कापताना निघालेली लाल भुकटी एकटी घालू नका, तिच्यात कस नसतो. निम्मी भुकटी, निम्मी खाण काढताना बाजूला टाकलेली वरची माती, दोन-तीन घमेली शेणखत आणि किलोभर सुपर फॉस्फेट. ही माती आम्लधर्मी, लोहाने भरलेली. स्फुरद (फॉस्फरस) बांधून ठेवते, म्हणून तो शेणखतात मिसळून मुळाजवळच द्यायचा. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, कच्च्याला वाळवी लागते. कलम खड्ड्याच्या कडेपेक्षा वीतभर उंच, मातीच्या उंचवट्यावर बसवा.

गडग्याच्या आतून गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) काठ्या रोवा. पाला कापून बुंध्याशी पसरायला मिळतो. दोन ओळींमध्ये पावसाळ्यात ताग पेरून फुलावर येताच गाडा. पहिले दोन उन्हाळे तळ्याचं पाणी कलमांनाच. मोहोर लवकर येईल; पहिली दोन-तीन वर्षं तो खुडून टाका.