ड्युटीवर लघवीला जाता येत नसेल तर पाणी पिणे टाळू नका, त्याची वेळ बदला
भर चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, एसटीच्या महिला वाहक आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेतले डॉक्टर यांच्यापैकी अनेकजण कामाच्या दिवशी पाणी पिणेच टाळतात. हा उपाय सर्वांत घातक आहे, कारण पाणी कमी पडले की लघवी दाट होते, जळजळ सुरू होते आणि मूत्रमार्गाचा संसर्ग व मुतखडा यांचा धोका वाढतो. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते आणि एकदम प्यायलेले जास्तीचे पाणी तास-दोन तासांत बाहेर पडू लागते. म्हणून मॅरेथॉनचे धावपटू करतात तसे करावे: काम सुरू होण्याच्या सुमारे दोन तास आधी दोन पेले पाणी प्यावे, निघण्यापूर्वी घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामे करावे आणि नंतर तहानेप्रमाणे घोट-घोट पाणी घेत राहावे. त्या वेळेत चहा-कॉफी मात्र टाळावी, कारण कॅफिनमुळे लघवीची घाई वाढते. ही सोय अधूनमधून येणाऱ्या अडचणीपुरतीच आहे. रोज सहा-सात तास लघवी रोखून धरावी लागत असेल, तर वरिष्ठांकडे बदली माणसाची लेखी मागणी करावी, आणि ती करताना मुळीच संकोचू नये.