ताकदीचा ५×५ स्नायू वाढवण्यासाठी असा बदला, आणि वजन अडकलं तर हे बघा

सहा-आठ महिने नेमाने ५×५ (प्रत्येक व्यायामाचे पाच सेट, दर सेटमध्ये पाच रेप्स, म्हणजे सलग पाच वेळा उचलणं) केलं की एक ठरलेली तक्रार सुरू होते. स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक) वाढला, डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं) वाढला, पण शर्ट खांद्याला तसाच ढगळ. वर बेंच प्रेस (बाकावर निजून बार छातीवरून वर ढकलणं) ६० किलोवर येऊन बसलेला. यात कार्यक्रमाचा दोष नाही, तो ताकदीसाठीच बांधलेला आहे. तो फेकून इंटरनेटवरून नवा उचलण्याची गरज नाही, त्यातली बेरीज-वजाबाकी बदलली की पुरतं.

आधी सेट मोजा

वही घ्या आणि आठवड्यात प्रत्येक स्नायूला किती सेट मिळतात ते लिहा. आठवड्यातून तीन दिवस, दोन आलटून-पालटून दिनक्रम, असा नेहमीचा ५×५ असेल तर स्क्वॉट रोज असतो, म्हणजे मांड्यांना १५ सेट. बेंच व्यायामाच्या एका दिवसाआड, म्हणजे छातीला सरासरी सात-आठ. डेडलिफ्टचा एकेकच सेट. खांद्याची बाजू, पोटऱ्या, बायसेप्स यांना थेट काहीच नाही. स्नायू वाढायला दर आठवड्याला प्रत्येक भागाला साधारण १० ते २० जोरदार सेट लागतात. पाय भरले आणि वरचं अंग राहिलं, ते या हिशोबामुळे.

‘जोरदार’ म्हणजे सेट संपताना अजून एक ते तीनच रेप्स निघाल्या असत्या इतका. तालमीत वाढलेल्यांना शंभर बैठका सहज जातात, पण सहज जातात म्हणूनच त्यांनी मांडी फारशी वाढत नाही. दम मात्र छान वाढतो.

मुख्य लिफ्ट ठेवा, त्याखाली आकाराचं काम लावा

पाच सेटांऐवजी एकच जड सेट पाचचा घ्या. मग वजन १० ते १५ टक्के कमी करून आठ-आठचे तीन सेट. बेंच ६० किलो × ५ ही तुमची हद्द असेल, तर अंदाजे एका रेपची कमाल ७० किलो येते (वजन × रेप्स ÷ ३०, हे मूळ वजनात मिळवायचं). मग ६० मधून १०-१५ टक्के वजा करून पुढचे तीन सेट ५२.५ किलोवर. जड सेटमुळे ताकद टिकते, बाकीचे आकारासाठी.

तीनाऐवजी चार दिवस करा:

सोमवार, वरचं अंग: बेंच १×५ + ३×८, बारबेल रोइंग ४×८-१०, लॅट पुलडाउन ३×१०-१२, लॅटरल रेझ ३×१२-२०, बायसेप्स कर्ल ३×१०-१५.

मंगळवार, पाय: स्क्वॉट १×५ + ३×८, रोमानियन डेडलिफ्ट ३×८-१०, पोटऱ्या ४×१०-१५.

गुरुवार, वरचं अंग: शोल्डर प्रेस १×५ + २×८, पुल-अप ४ सेट, इन्क्लाइन डंबेल प्रेस ४×८-१२, छातीचं फ्लाय मशीन ३×१२-१५, ट्रायसेप्स ३×१०-१५.

शुक्रवार, पाय: डेडलिफ्ट १×५ + २×६, लेग प्रेस ४×१०-१५, लेग कर्ल ३×१०-१५.

मोठ्या लिफ्टनंतर अडीच-तीन मिनिटं थांबा, छोट्यांना दीड पुरे. घाम निथळावा म्हणून विश्रांती कापणारे पुढच्या सेटला दोन रेप्स गमावतात. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा ४२ च्या वर असताना, पंख्यावर चालणाऱ्या जिममध्ये तीनाची चार मिनिटं झाली तरी चालतील.

वाढवण्याचा नियम: मर्यादा ८-१२ असेल तर आधी रेप्स वाढवा. सगळे सेट १२ ला पोचले की वजन वाढवून पुन्हा आठवर या.

अडकलं, तर या क्रमाने तपासा

एक वाईट दिवस म्हणजे अडकणं नव्हे. तीन आठवडे तेच वजन, त्याच रेप्स, तेव्हा अडकलं म्हणा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला हे कळत नाही.

पहिला संशय प्लेटवर, म्हणजे बारला लावायच्या वजनाच्या चकतीवर घ्या. बडोद्याच्या दांडियाबाजारातली जुनी व्यायामशाळा असो की अलकापुरीतलं एसी जिम, सर्वांत छोटी प्लेट बहुधा अडीच किलोची मिळेल. दोन बाजूंना लावली की उडी पाच किलोची. १०० किलोच्या स्क्वॉटला ती पाच टक्के, ३० किलोच्या शोल्डर प्रेसला जवळजवळ १७ टक्के. खांदा अडकतो तो इथेच. सव्वा किलोच्या प्लेटची स्वतःची जोडी घ्या आणि बॅगेत ठेवा. घेण्याआधी बारच्या टोकाची जाडी बघा: ऑलिम्पिक बारला ५० मिलिमीटरचं भोक लागतं, घरगुती सेटच्या प्लेटचं भोक त्याहून बरंच लहान असतं.

मग बाजूने व्हिडिओ काढा. वजन वाढता वाढता स्क्वॉट वर वर थांबायला लागलेला असतो, बेंचला बार छातीवरून उसळतो. तसं दिसलं तर वजन १० टक्के उतरवा आणि पूर्ण खोलीने पुन्हा चढा.

तिसरं, ताट. आठवड्यातून तीनदा सकाळी उपाशीपोटी वजन करून सरासरी काढा. ७० किलोच्या माणसाचं वजन आठवड्याला १७५ ते ३५० ग्रॅम वाढायला हवं. काटा महिनाभर हलला नसेल तर नवा व्यायाम शोधू नका, रोज दोन-अडीचशे कॅलरी वाढवा: दोन पोळ्या आणि थोडे शेंगदाणे. प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला साधारण ११२. शाकाहारी घरात हे जमतं: कोरडे सोयाबीन वडे ५० ग्रॅम (२६), पनीर १५० ग्रॅम (२७), दूध अर्धा लिटर (१६), कच्ची मोजलेली डाळ ६० ग्रॅम (१४), दही २०० ग्रॅम (७), शेंगदाणे ३० ग्रॅम (७), दिवसभराच्या पाच-सहा पोळ्यांचे पंधरा-सोळा. शेवउसळीच्या प्लेटमध्ये वाटाणे असतात हे खरं, पण तिचा हिशोब प्रथिनांत धरू नका. शेव आणि तर्रीच जास्त.

ताट ठीक असेल तर थकवा की कमी काम, हे ओळखा. झोप उडालेली, कोपर-गुडघे कुरकुरतात, वॉर्म-अपचं वजनही जड वाटतं: हा थकवा. एक आठवडा सेट निम्मे करा आणि वजन १० टक्के खाली. याउलट अंग ताजं, भूक चांगली आणि तरी प्रगती नाही, तर त्या भागाला आठवड्यात दोन ते चार सेट जास्त द्या. दोन्हीत गल्लत झाली, की दमलेला माणूस सेट वाढवत बसतो आणि खांदा धरून घरी बसतो.

हलका आठवडा कधी घ्यायचा हे बडोद्यात पंचांगच सांगतं. नवरात्राच्या नऊ रात्री दोन-तीन तास गरबा खेळून रात्री एक वाजता घरी येणाऱ्याने सकाळी स्क्वॉट करण्यात अर्थ नाही. पोटऱ्या आणि गुडघे आधीच कामाला लागलेले असतात. सहा-सात आठवड्यांचं जड चक्र घटस्थापनेच्या आधी संपेल असं मागे मोजून सुरू करा. त्या दिवसांत पायांचे दिवस पूर्ण वगळा आणि वरच्या अंगाचे निम्मे सेट दोनदाच करा. दसऱ्यानंतरचा पहिला पायांचा दिवस आधीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर करा, नाहीतर जिना उतरताना कठड्याला धरून उतरावं लागेल.