धावतं श्रुतलेखन
इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात पेंग दिसली की हे करून बघा. चार-पाच सोपी वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून कागद दूरच्या भिंतीवर चिकटवा. जोडीतल्या एकाने जायचं, वाक्य डोक्यात साठवायचं, परत येऊन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. ओरडून सांगायला बंदी, नाहीतर बाजार भरतो. अर्ध्यात कामं बदला.

खरी गंमत शेवटी, मूळ कागदाशी ताडून बघताना. ‘शी वॉक्स’चं वाटेत ‘शी वॉक’ झालेलं असतं, ‘द’ तर हमखास गळतो. या चुका लगेच लाल शाईने सुधारू नका. जोडीलाच शोधू द्या. नवख्यांसाठी वाक्यं छोटी ठेवा, शेजारी चित्रं काढा.