घरी आयएनआर तपासताय? या चुका टाळा

सासूबाईंच्या हृदयात यांत्रिक मायट्रल झडप आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, 2.5 ते 3.5 मध्ये राहायला हवा. (पायात गुठळी झाली असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर बहुधा 2 ते 3 सांगतात.) ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या आमच्या घरी, बोटातल्या रक्ताच्या थेंबावर चालणाऱ्या छोट्या मशीनने, तपासणी मी करते. एका जानेवारीत मशीनचा आकडा आणि लॅबचा आकडा जुळेना. मशीन ठीक होती, चूक माझ्या हातात होती.

"अगं, हात बर्फ झालेत माझे," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी तरी सुई टोचली. रक्त येईना म्हणून बोटाचं टोक पिळलं. पिळल्याने रक्तात आजूबाजूच्या पेशींमधला द्रव मिसळतो, त्याने गोठण्याची क्रिया बिघडते, मग आकड्यावर भरवसा राहत नाही. आता आधी कोमट पाण्याने हात धुऊन अगदी कोरडे करते, मिनिटभर खाली लोंबकळत ठेवायला सांगते, तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळते. बोटाच्या कडेला टोचलं की थेंब आपोआप येतो.

दुसरी चूक साखरेच्या मशीनच्या सवयीची. तिथे पुष्कळदा पहिला थेंब पुसतात. इथे पहिलाच थेंब हवा, तोही टोचल्यापासून 15 सेकंदांच्या आत, कारण उशीर झाला की रक्त गोठायला लागतं. थेंब कमी पडला तर वरून दुसरा घालू नका. थेंब ज्यावर घेतात ती पट्टी महाग असते, वाया जाताना जीव हळहळतो, पण नवी पट्टी आणि नवं बोट घ्या.

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो. पट्ट्या साधारण 30 अंशांच्या वर ठेवायच्या नसतात, म्हणून डबी खिडकीजवळ किंवा स्वयंपाकघरात नको. थंडीत उलट, खोली फार थंड झाली तर मशीनच काम करत नाही. मशीनसोबतच्या पुस्तिकेतलं तापमान आणि पट्ट्यांची मुदत एकदा नीट वाचा.

आणि थंडीतली भाजी! पालक, मेथी, इथला बथुआ म्हणजे आपला चाकवत, सगळ्यांत व्हिटॅमिन के भरपूर. ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाज्या सोडायच्या नाहीत, फक्त रोज साधारण तेवढ्याच खायच्या. आठवडाभर भाजी आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं झालं की आकडा हेलकावे खातो.

मेट्रोनिडाझोलसारखी काही अँटिबायोटिक्स आयएनआर वाढवतात. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे कुठलीही नवी गोळी, काढा किंवा आयुर्वेदिक औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आकडा पाहून मनाने गोळी कमी-जास्त करू नका. डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून घाईने केलेला बदल पुढे अंगलट येतो. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढायची नसते. आकडा 4 च्या वर आला तर लॅबमध्ये शिरेतून तपासून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काळी शौच, लघवीत रक्त, न थांबणारं नाकातलं रक्त किंवा डोक्याला मार असेल, तर आकड्याची वाट न बघता थेट रुग्णालयात जा.

शेवटी एक विचारून घ्या: तुमची गोळी कोणती? वॉरफेरिन किंवा असेनोक्युमरॉलसारखी असेल तरच ही मशीन कामाची. अपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅनचा हिशेब आयएनआरवरून करत नाहीत.