पोकलेन वळवताना चेन सांभाळा

पोकलेनला स्टेअरिंग नसतं. डाव्या-उजव्या चेनला, म्हणजे चाकांऐवजी असलेल्या लोखंडी पट्ट्यांना, स्वतंत्र हायड्रॉलिक मोटर असते आणि प्रत्येकीची वेगळी लिव्हर. एकच लिव्हर पुढे ढकलली की मशीन थांबलेल्या चेनभोवती वळतं. एक पुढे, एक मागे केली तर जागच्या जागी गरकन फिरतं. बघायला झकास, पण चेनचा जीव इथेच जातो. वळताना पट्टे जमिनीवर आडवे घासत सरकतात. खाली कातळ किंवा सुटे दगड असतील, तर सगळा ताण चेनच्या कड्या जोडणाऱ्या पिना, त्यांच्यावरचे बुश आणि चेनवर फिरणाऱ्या रोलरवर येतो. त्यातच चेन सैल असली की ती उतरलीच म्हणून समजा, आणि शेततळ्याच्या चिखलात ती पुन्हा चढवणं म्हणजे अख्खा दिवस गेला!

म्हणून जागा असेल तिथे दोन्ही चेन चालू ठेवून मोठं वळण घ्या. जागा नसेल तर थोडं वळा, थोडं पुढे-मागे घ्या, पुन्हा वळा. उतारावर शक्यतो वळूच नका. सपाटीवर दिशा धरा आणि सरळ चढा-उतरा.

नवे ऑपरेटर हमखास फसतात ते एका गोष्टीत. केबिन पूर्ण उलटी फिरली की लिव्हरही उलट्या चालतात, पुढे ढकलली की मशीन मागे येतं. त्यामुळे लिव्हरला हात लावण्याआधी खाली बघा: दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, तुमच्या पाठीमागे असेल तर लिव्हर सरळ. भिंतीजवळ किंवा विहिरीच्या काठावर तर हे बघितल्याशिवाय हलूच नका.